काळोखांत पाहणारें यंत्र

मनुष्याच्या डोळ्यास प्रकाशावांचून दिसत नाहीं. परंतु प्रत्येक पदार्थ आपल्या उष्णतेच्या मानानें अदृश्य किरण बाहेर टाकीत असतो. विल्यम हर्शेल यांनीं १८०० सालीं, लोलकांतून पडलेल्या तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे तापमापक ठेवून, अशा किरणांचें अस्तित्व दाखवून दिलें. अशाच किरणांवरून चित्र तयार करणारा थर्मल कॅमेरा आज समुद्रावरील कित्येक नौकांवर बसविलेला असतो. काळोखांत कोणी पाण्यांत पडला, तर त्याचें उबदार मस्तक थंड पाण्यावर उजळ ठिपक्याप्रमाणें दिसतें व त्याचा जीव वाचण्याची आशा राहते.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांना समुद्र नाहीं. पण आमचा समुद्र उसाचा आहे. कुकडी व घोड या नद्यांवर धरणें झालीं, पाटाचें पाणी आलें, ऊस वाढला आणि त्या दाट पिकांत बिबट्यानें घर केलें. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शेजारच्या शिरूर तालुक्यांत, पिंपरखेड-जांबुत परिसरांत, तीन माणसें बळी पडलीं, तेव्हां बिबट्याच्या शोधासाठीं थर्मल ड्रोन उडविण्यांत आले. जें यंत्र खलाशाच्या कामीं आलें, तें आतां शेतकऱ्याच्याही कामीं येऊं लागलें, याचें आम्ही स्वागत करितों.

तथापि यंत्राची शक्ति जाणावी, तशी मर्यादाही जाणावी. हे किरण पाण्यांतून पार होत नाहींत. म्हणून नौकेवरील कॅमेऱ्यास तरंगणारा मनुष्य दिसतो, बुडालेला दिसत नाहीं. दाट पानांआडचें जनावरही असेंच लपून राहतें. दुपारीं तर जमीनच इतकी तापते कीं, तिच्यापुढें प्राण्याची ऊब वेगळी उठून दिसत नाहीं. पहांटेची वेळ त्याहून बरी. शिवाय दिसलेला ठिपका बिबट्याचा कीं कुत्र्याचा, हें ओळखण्यास सरावलेली नजर लागते.

म्हणून आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, काळोखांत पाहणारें यंत्र मिळालें, एवढ्यावर कोणीं समाधान मानूं नये. ज्या शिवारांत अद्याप रात्रींच पंपास वीज मिळते, तेथील शेतकऱ्यास काळोखांत, वांकून, उसाचीं दारें धरावीं लागतात. त्यास दिवसा वीज मिळणें हें ड्रोनापेक्षांही मोठें संरक्षण होय. तसेंच बिबट्या दिसला कीं धरून दूर नेऊन सोडा, ही मागणीही विचारानेंच करावी. जुन्नर वनविभागांत २००१ नंतर माणसांवरील हल्ले एकाएकी वाढले, त्याचा संबंध पकडलेले बिबटे अन्यत्र सोडण्याशीं होता, असें विद्या आत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत दिसून आलें आहे.

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्यापैकीं पुष्कळांची घरें उसाच्या बांधालगत आहेत. सांजेस एकट्यानें उसाकडे जाऊं नये, धाकट्या भावंडांस अंगणांत एकटें सोडूं नये, गोठ्यास पक्कें दार असावें, या गोष्टींस कोणतेंही यंत्र लागत नाहीं. शास्त्रानें दिलेला नवा डोळा अवश्य वापरावा. पण त्याच्या भरंवशावर आपले डोळे मिटून घेऊं नयेत.