कारखान्यात शिकाऊला जागा हवी

गणपती महिन्यावर आले की मुंबईभर शाडूच्या मूर्तींच्या कार्यशाळांचे फलक लागतात. शाळेचा वर्ग, सोसायटीचे सभागृह, वाचनालय, मॉल, जिथे जागा मिळेल तिथे दोन-तीन तास बसायचे, मूर्ती घडवायची आणि घरी न्यायची. परळ-लालबागमध्येही अशा कार्यशाळा भरतात आणि त्यांचे स्वागतच करायला हवे. ज्या मुलाने मातीला कधी हात लावला नव्हता, त्याची नखे त्या दुपारी मातीने भरतात. वर्षानुवर्षे प्लास्टरची मूर्ती आणणाऱ्या घरात त्याच्या हट्टापायी वीतभर शाडूची मूर्ती बसते. हे थोडे नव्हे. पण एवढ्यालाच आपण कला शिकणे म्हणू लागलो आणि त्यावर समाधान मानू लागलो, तर हाकेच्या अंतरावर ज्या कारखान्यांत ही कला जगते आहे, त्यांच्यावर आपण अन्याय करू.

परळ, लालबाग, चिंचपोकळी या पट्ट्यातल्या मूर्तिकारांनी साऱ्या मुंबईला उंच मूर्तींची सवय लावली. 1977 साली लालबागच्या गणेश गल्लीतल्या मंडळाने बावीस फुटी मूर्ती बसवली, ती दीनानाथ वेलिंग यांनी घडवली होती. पुढे परळच्या विजय खातूंच्या कारखान्यातून निघालेल्या मूर्ती बघायला रस्त्यावर गर्दी उभी राहू लागली. खातू 2017 च्या जुलैत, ऐन हंगामात गेले आणि त्यांच्यामागे त्यांची मुलगी रेश्मा यांनी काम हाती घेतले. ती परंपरा मुलीच्या हाती गेली, हे मला फार मोलाचे वाटते. पण प्रत्येक कारखान्याला घरातला वारस मिळेल असे नाही. घराबाहेरच्या मुलाला किंवा मुलीला या कारखान्यात शिरायची वाट कोणती? आज तरी ओळखीपाळखीखेरीज वाट नाही.

आत शिरल्यावर काय शिकायचे असते, तेही पाहू. कार्यशाळेत माती मळून तयार मिळते. कारखान्यात शिकाऊचे पहिले काम तीच मळण्याचे. खडा, काडी, गाठ बोटाला लागली पाहिजे आणि पाणी किती, हे त्या दिवशीच्या हवेवर ठरवले पाहिजे. साच्याला शंखजिरे लावून माती दाबायची, ती सगळीकडे सारख्या जाडीची बसली पाहिजे; पोट पोकळ ठेवायचे, दोन अर्ध्या बाजू जोडायच्या, हात आणि सोंड वेगळी लावायची. मग मूर्ती सावलीत सुकू द्यायची. खरी परीक्षा इथे असते. शाडू सुकताना आकसते. पातळ भाग आधी सुकतो, जाड भाग मागे राहतो आणि दोहोंच्या मध्ये तडा जातो. बाहेर मुंबईचा पाऊस, हवेत ओल, आणि मूर्ती द्यायची तारीख ठरलेली. तडा कुठे जाणार हे अनुभवी कारागिराला तो जाण्याआधी दिसते; तो तिथे ओला हात फिरवतो, ओले फडके ठेवतो. हे त्याला कोणी सांगून आलेले नाही, शेकडो मूर्ती तडकलेल्या पाहून आले आहे. तीन तासांच्या कार्यशाळेतला मुलगा मूर्ती ओलीच घरी नेतो. ती तडकते तेव्हा का तडकली हे सांगायला जवळ कोणी नसते, म्हणजे शिकण्याचा सर्वांत मोठा धडा तिथेच निसटतो.

पुढे पॉलिश पेपर, पांढरा हात, अंगाचा रंग, पितांबर, दागिने आणि शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी करणारे हात कारखान्यात मोजकेच असतात. बाहुली केसभर वर-खाली झाली की मूर्तीची नजर बदलते. उंच मूर्तीची आखणी करणारा परांचीवर चढलेला असतो, पण भाविक तिला खालून पाहणार, म्हणून वरून सरळ दिसणारी नजर त्याला खालच्या माणसाच्या हिशेबाने वळवावी लागते. हे शिकायचे तर आखणी करणाऱ्याच्या शेजारी हंगामच्या हंगाम बसावे लागते. कोकणातल्या गणपतीच्या शाळांत पोरे अशीच शिकत आली. श्रावणात शाळेतून सुटली की तिथे येऊन बसायची, आधी माती मळायची, मग उंदीर करायचा, मग पाट रंगवायचा. परळच्या चाळींत राहायला आलेल्या चाकरमान्यांच्या घरांनी ती पद्धत इथेही ओळखीची केली होती. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर हे अलिबागजवळच्या सासवन्याच्या अशाच घरातले. वडील गणपती घडवत, तिथे मातीशी ओळख झाली. देवळाच्या भिंतीवर करमरकरांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड यांनी पाहिले आणि त्यांना जे. जे. कलाशाळेत पाठवले. पुण्यातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा पुढे याच हातांनी घडवला. जे. जे.ने त्यांना पुष्कळ दिले, पण हात घरच्या मातीत तयार झाला होता.

प्लास्टर आले तेव्हा ही शिकवणी तुटायला लागली. प्लास्टर हलके, काही मिनिटांत घट्ट होणारे, रबरी साच्यातून अलगद सुटणारे. तडे नाहीत आणि पावसाची भीतीही नाही. मूर्तिकारांना दोष देण्यात अर्थ नाही. मागणी वाढली, उंची वाढली, गिरण्या गेल्यावर जागेचे भाव गगनाला भिडले आणि कमी दिवसांत कमी जागेत जास्त मूर्ती काढाव्या लागल्या. आता काळ उलटा फिरतो आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये प्लास्टरच्या मूर्तींवर बंदीची मार्गदर्शक तत्त्वे आणली. 2025 च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने त्यांची कडक अंमलबजावणी करायला सांगितले, जूनमध्ये मूर्ती घडवायला मुभा मिळाली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही, आणि जुलैत सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींना कृत्रिम तलाव बंधनकारक होऊन त्याहून उंच मूर्तींना समुद्र मोकळा झाला. महापालिकेने मूर्तिकारांना शाडू माती मोफत दिली, हे चांगले केले. पण ज्याचा हात वर्षानुवर्षे प्लास्टरला सरावला, त्याला माती फुकट मिळाली तरी मूर्ती तडकायची राहत नाही. मातीसोबत माती जाणणारी माणसेही हवीत आणि ती घडवायची तरतूद कोणाच्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

सरकारी योजना आहे, तिच्याकडेही पाहू. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यांत मूर्तिकार आहेत. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, पुढे पंधरा दिवसांचे प्रगत, रोज पाचशे रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपये. जो आधीच कारागीर आहे त्याला याचा आधार होतो, आणि तो मिळालाच पाहिजे. पण जी मुलगी अजून कारागीर झालेली नाही, जिला व्हायचे आहे, ती या योजनेत बसत नाही. तिच्यासाठी एक दुपारची कार्यशाळा आणि कलाशाळेची पदवी, यांच्या मध्ये काहीच नाही.

मुंबईने याचे उत्तर एकदा शोधले होते. जे. जे. कलाशाळेच्या आवारात 1891 मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने कार्यशाळा उघडल्या आणि धातुकाम, लाकडावरचे कोरीवकाम, गालिचे अशा कला शिकवायला प्रत्यक्ष कारागीर आणून बसवले. कारागीर हाच शिक्षक, हे तेव्हा मान्य झाले होते. आजच्या पुष्कळ कार्यशाळांत समोर बोलणारा वेगळा असतो आणि कारखान्यातून आलेला माणूस मागे मातीचे गोळे करून देत असतो. त्याचे नाव फलकावर नसते. हे थांबले पाहिजे.

परळने स्वतःची एक पद्धतही घडवली होती, रात्रशाळेची. ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, लीगने कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या, आणि पाळी संपवून गिरणीतून आलेला माणूस पाटी घेऊन बसला. कारखान्यांतले वर्गही असेच भरावेत, संध्याकाळी, आठवड्यातून दोन-तीन दिवस, माघी गणपती आटोपले की आषाढापर्यंत. श्रावणात शिकवायला कोणाला उसंत नसते, तेव्हा आत बसून हात लावायचा आणि पाहायचे. जो दोन हंगाम टिकेल त्याला आखणीच्या शेजारी बसू द्यावे. शाळा-कॉलेजातल्या मुलींना तिथे मुद्दाम बोलवावे, कारण अजूनही त्यांना रंगकामापाशीच थांबवले जाते.

या शिकाऊंना एक दिवस परळच्या बारादेवी मंदिरातही न्यावे. 1931 मध्ये रस्त्याच्या कामात सापडलेली दगडी शिवमूर्ती तिथे आहे, दोन पुरुष उंच, एकाच शिळेत सात रूपे, पाचव्या-सहाव्या शतकातली. अभ्यासकांच्या मते ती अपुरी राहिली असावी. अशी मूर्ती शिकणाऱ्याला पुऱ्या मूर्तीहून जास्त सांगते, कारण घडवणाऱ्याचा हात कुठवर आला होता ते तिच्यात वाचता येते. परळमध्येच राहणाऱ्या कितीतरी जणांनी ती पाहिलेली नाही.

पैशांचे काय? कारागिराने शिकवण्यात घालवलेली संध्याकाळ म्हणजे त्याची बुडालेली मजुरी, ती भरून देणे आपले काम आहे. गणेशोत्सवाला 2025 मध्ये राज्य महोत्सवाचा दर्जा मिळाला. त्या दर्जाबरोबर येणाऱ्या निधीतला वाटा रोषणाईबरोबर शिकवणाऱ्यांच्या मानधनाला जावा. परळ-लालबागची मोठी मंडळे रुग्णांना मदत करतात, विद्यार्थ्यांना वह्या देतात. त्यांनी आपल्या मूर्तिकाराच्या कारखान्यात दरवर्षी एका शिकाऊचा खर्च उचलावा. महापालिका मूर्तिकारांना मांडवासाठी तात्पुरती परवानगी देते. जो मूर्तिकार शिकाऊ घेईल त्याला ती हंगामापुरती न देता वर्षभराची द्यावी, कारण शिकणे पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होऊन विसर्जनाला संपत नाही, आणि शाडू साठवायला, सुकवायला बारमाही छप्पर लागते. महापालिकेच्या ज्या शाळांत पटसंख्या घटून खोल्या रिकाम्या राहिल्या असतील, त्यांतली तळमजल्याची एखादी खोली यासाठी मिळाली तर पहिला वर्ग येत्या माघापासूनच भरू शकेल.