डोंगरावरची हिरवळ

जपानचा बहुतेक मुलूख डोंगराळ. सपाट जमीन थोडी, आणि तिच्यावर शेती, कारखाने, घरे यांची दाटी. मग ज्याच्या एका मैदानाला शंभरेक हेक्टर जागा सहज लागते, तो गोल्फ तिथे खेळायचा कुठे? उत्तर सोपे होते : डोंगरावर!

सुरुवात केली ती मात्र एका इंग्रजाने. आर्थर ग्रूम हा कोबे बंदरातला व्यापारी. त्याने १९०१ मध्ये मित्रांना हाताशी धरून शहरामागच्या रोक्को डोंगरावर दगड उचलले, झुडपे काढली आणि चार होलचे छोटेसे मैदान तयार केले. १९०३ मध्ये तिथे रीतसर क्लब निघाला. जपानमधला हा पहिला गोल्फ क्लब. डोंगर जसा होता तसाच राहिला. चढउतार सांभाळायचे ते खेळणाऱ्याने.

पुढची पन्नासेक वर्षे हा बड्या लोकांचाच खेळ होता. १९५७ मध्ये टोकियोजवळच्या कासुमिगासेकी क्लबवर झालेली कॅनडा कप स्पर्धा जपानने जिंकली आणि सारा देश गोल्फवेडा झाला. ऐंशीच्या दशकात पैशाचा पूर आला. क्लबांची सभासदत्वे शेअर्ससारखी दलालांमार्फत विकली जाऊ लागली, नामांकित क्लबांचे भाव कोटींच्या घरात गेले. एका फटक्यात चेंडू होलमध्ये गेला, तर त्या भाग्यवंतानेच सोबत्यांना मेजवानी आणि भेटी द्यायच्या, अशी तिथली रीत. हा खर्च झेपावा म्हणून लोक चक्क विमा उतरवतात!

१९८७ मध्ये सरकारने पर्यटनस्थळांना उत्तेजन देणारा कायदा केला. मग डोंगरांवर बुलडोझर चढले. उंचवटे कापायचे, घळी भरायच्या, झाडे तोडून हिरवळ लावायची. या हिरवळीवर फवारलेली औषधे आपल्या पाण्यात उतरतील, या धास्तीने पायथ्याची गावे ठिकठिकाणी विरोधाला उभी राहिली. तरीही मैदानांची संख्या दोन हजारांवर गेली.

नव्वदीच्या सुरुवातीला तेजीचा फुगा फुटला. सभासदांच्या ठेवी परत करण्याची मुदत आली, तेव्हा तिजोऱ्या रिकाम्या होत्या. शेकडो क्लबांचे दिवाळे निघाले. ओस पडलेल्या काही मैदानांवर आता सौरऊर्जेचे पत्रे चमकतात. क्योतो परिसरातल्या अशाच एका जागेवर २३ मेगावॅटचा प्रकल्प एका कंपनीने २०१५ मध्ये जाहीर केला होता. पडीक जागेचे चीज झाले खरे. पण कापलेला उंचवटा आणि बुजलेली घळ काही परत येत नाही.

रोक्कोवरचा क्लब मात्र अजून चालू आहे. हिवाळ्यात बर्फ पडले की बंद होतो, वसंतात पुन्हा उघडतो. डोंगराने घालून दिलेले वेळापत्रक तो शंभरहून अधिक वर्षे निमूटपणे पाळतो आहे.