फादरचा झगा, वकिलाचा गाऊन

माझ्या एका अनुवादाची मुद्रितं संपादकांकडून परत आली, तेव्हा एका माणसाच्या मरणप्रसंगात मफलर शिरला होता. प्रसंग असा. केरळातलं गाव, पावसाची रात्र, घरात एक म्हातारा शेवटच्या घटका मोजतोय. फादर स्कूटरवरून भिजत येतात. अंगात साधा शर्ट आणि पँट. घरातल्या बायका बाजूला होतात. फादर खिशातून एक अरुंद जांभळी पट्टी काढतात, तिचं चुंबन घेतात, ती गळ्यात घालतात आणि म्हाताऱ्याच्या तोंडाजवळ कान नेतात. मी लिहिलं होतं, 'जांभळा स्टोल'. संपादकांनी तो खोडून 'जांभळा मफलर' केला होता आणि समासात टीप होती, 'स्टोल म्हणजे हल्ली मुली गाडीवरून जाताना तोंडाला बांधतात तो. वाचकाचा गोंधळ होईल.'

वाचकाचा गोंधळ होऊ नये म्हणून म्हाताऱ्याला थंडी वाजत असावी असा प्रसंग करून टाकायचा, हा उपाय मला नवा होता. त्याच मुद्रितांत जिथे जिथे 'कॅसॉक' होता तिथे तिथे 'झगा' आला होता. फादर झगा सावरत धावले. फादरनी झग्याची बटणं लावली. फादरचा झगा दोरीवर वाळत होता.

भांडण एका संपादकाशी असतं तर ते मी फोनवर मिटवलं असतं. पण हा 'झगा' आपल्या वर्तमानपत्रांत आहे, बालभारतीच्या वयापासून वाचलेल्या गोष्टींत आहे, आणि हिंदी सिनेमांच्या मराठी परीक्षणांतही आहे. मराठीत झगा म्हणजे लहान मुलीचा फ्रॉक, किंवा अंगाला न बसणारं ढगळ काहीतरी. 'झगा मगा मला बघा' ही म्हण कुणाला उद्देशून वापरतात ते सांगायला नको. म्हणजे शब्द निवडतानाच आपण त्या माणसाला थोडं हास्यास्पद आणि थोडं नाटकी करून घेतलेलं असतं. वाक्यात पुढे तो कितीही गंभीर बोलो.

आता दुसरीकडे बघा. उच्च न्यायालयातला वकील काळा गाऊन घालतो, गळ्याशी दोन पांढऱ्या फिती बांधतो. भर उन्हाळ्यात घामाघूम होत हा थंड देशाचा पोशाख तो मिरवतो. मराठी बातमीदार कधी 'वकिलाचा झगा' लिहितो का? 'गाऊन' लिहितो, 'काळा कोट' लिहितो. त्या दोन पांढऱ्या फिती तर एकेकाळी युरोपातले प्रोटेस्टंट पाद्रीही प्रवचनाला उभे राहताना बांधत होते. त्याच फिती न्यायालयात आल्या की भारतीय होतात आणि चर्चमध्ये असल्या की परक्या राहतात. पदवीदानाच्या गाऊनचंही तेच. तो घालून काढलेला फोटो घरोघरी भिंतीवर आहे, माझ्याही आहे, आणि तो पाहून 'हे काय परदेशी घातलंयस' असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही.

'पण मराठी शब्द असताना परका का घ्यायचा?' हा प्रश्न मला हमखास विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या शर्टाला काजं असतात. काज हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. फीतही तिथलीच. ज्याच्या अंगावरचं वस्त्र आहे त्या पाद्र्याचं नावदेखील पोर्तुगीजच. शिंप्याच्या दुकानात शिरलेल्या या शब्दांना आपण घरचं मानलं, मग चर्चच्या कपाटातल्या चार शब्दांनीच भाषा बाटते हे कसं?

शेजारच्यांनी काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. मी बंगळुरात राहते. कादंबरीचा इंग्रजी अनुवाद समोर ठेवून काम करत होते आणि अडलं की शेजारच्या मल्याळी बाईंकडून मूळ पान वाचून घेत होते. मूळ पानावर शब्द होता, ळोह. कॅसॉकला पोर्तुगिजांत 'लोबा' असंही म्हणत, त्याचं मल्याळमने ळोह केलं. 'ळ'ने सुरू होणारा शब्द मराठीत सापडायचा नाही, त्यामुळे तो ऐकताना मला फार मजा वाटली. बाईंना मात्र त्यात काही विशेष वाटलं नाही. तो त्यांच्या लेखी पोर्तुगीज नव्हता, शाळेजवळच्या चर्चमधल्या अच्चनच्या अंगावरचा कपडा होता. कपड्याला नाव असलं की त्याच्याकडे कपडा म्हणून बघता येतं. नाव नसलं की 'ते लांब पांढरं काहीतरी' उरतं, आणि काहीतरी म्हटलं की माणूसही 'त्यांच्यातला कुणीतरी' होतो.

एक गोष्ट कबूल करते. हे शब्द मलाही ठाऊक नव्हते. मी ख्रिस्ती नाही. तौलनिक साहित्यात एम.ए. केलं तेव्हा दान्ते वाचला, मिल्टन वाचला, पण अल्ब आणि कॅसॉक यांतला फरक विचारला असता तर मी गप्प बसले असते. शेवटी वसईकडच्या एका गावी ओळखीने गेले आणि तिथल्या चर्चमागच्या खोलीत एक सकाळ काढली. कपाटांची देखभाल करणारे एक आजोबा होते. त्यांनी एकेक खण उघडून दाखवला. कॅसॉक हा पूजेचा पोशाख नव्हेच, ही पहिली गोष्ट मला तिथे कळली. तो धर्मगुरूचा रोजचा अंगरखा. काही ठिकाणी पुढे तेहतीस बटणं असतात, ख्रिस्ताच्या आयुष्याच्या वर्षांएवढी. मिस्साला उभं राहताना घालायचा तो पांढरा पायघोळ अल्ब. त्यावर गळ्यातून स्टोल. सगळ्यांत वर बिनबाह्यांचा, घेरदार चॅझुबल, आणि त्याचा रंग दिवसावर ठरतो. नाताळ आणि ईस्टरला पांढरा. पवित्र आत्म्याच्या आणि रक्तसाक्ष्यांच्या सणांना लाल, शुभ शुक्रवारीही लाल. प्रायश्चित्तकाळात आणि नाताळाआधीच्या आगमनकाळात जांभळा. एरवी वर्षभर हिरवा. वर्षातले दोनच रविवार असे की गुलाबी चालतो. 'गुलाबीला दोनदाच हवा लागते, म्हणून त्यालाच आधी कसर लागते,' आजोबा म्हणाले. मी भीतभीत विचारलं, तुम्ही याला झगा म्हणता का? ते म्हणाले, 'झगा माझ्या नातीचा.'

हे सगळं कळल्यावर त्या मफलराचा राग दुप्पट झाला. कारण त्या पानावर लेखकाने एक शब्द न खर्चता सगळं सांगितलं होतं. अंगावर शर्ट-पँट असली तरी गळ्यात ती पट्टी पडली की समोरचा माणूस आता मित्र नाही, पाहुणा नाही, त्याच्यापाशी पाप बोलता येतं. जांभळा रंग पश्चात्तापाचा. म्हणजे म्हातारा आता कबुली देणार. केरळातला वाचक इथे श्वास रोखतो. मराठी वाचक मफलर बघून पुढे जातो, आणि मग परीक्षणात लिहितो की 'कादंबरी ठिकठिकाणी उथळ वाटते'.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी कॅसॉकची वकिली करते आहे. तसं नाही. या वस्त्रांत स्वर्गातून काही उतरलेलं नाही. चॅझुबल हा मुळात रोमन लोकांचा बाहेर जातानाचा झूल, अल्ब हा त्यांचा पांढरा अंगरखा. पुढे सामान्य माणसांचे कपडे आखूड झाले, पाद्र्यांनी लांबच ठेवले, आणि फॅशन मागे पडली तिचं पावित्र्य झालं. 428मध्ये पोप सेलेस्टीन पहिला याने गॉलमधल्या बिशपांना पत्र लिहून फटकारलं होतं ते वेगळा वेष करून हिंडण्याबद्दलच. आपण लोकांहून वेगळे दिसावं ते शिकवणुकीने, कपड्याने नव्हे, असं त्याचं म्हणणं. इंग्लंडात जॉन हूपरला बिशप नेमलं तेव्हा त्याने ही वस्त्रं घालायला नकार दिला, त्यापायी तो तुरुंगात गेला, आणि शेवटी 1551मध्ये नको असलेली तीच वस्त्रं घालून त्याचा अभिषेक झाला. काळा, जांभळा, लाल, पांढरा या चढत्या रंगांत अधिकाराची उतरंड आहे, आणि ती मिरवणारे पाद्री मी पाहिले आहेत. त्यांच्यावर टीका व्हावी, पण ती वस्तू ओळखणाऱ्याने करावी. हूपर नेमकं कशाला नाही म्हणत होता हे त्याला पक्कं माहीत होतं.

आपल्याकडचा दुसरा पक्ष अधिक सभ्य आहे, म्हणून मला तो अधिक त्रास देतो. तो म्हणतो, यांनी भारतीय वेष का करू नये? भगवं घालावं, उपरणं घ्यावं, प्रश्नच मिटेल. या मंडळींना वाटतं की हे कुणाला सुचलंच नव्हतं. 1606मध्ये मदुरैला आलेल्या रॉबर्टो दे नोबिली या इटालियन जेझुइटाने कॅसॉक उतरवला, काषाय वस्त्रं घेतली, जानवं घातलं, ब्राह्मण स्वयंपाकी ठेवला. त्यावर गोव्यात आणि रोममध्ये वर्षानुवर्षं वाद झाला आणि 1623मध्ये पोपने त्याच्या बाजूने कौल दिला. पण त्या भारतीय वेषाची किंमत कुणी दिली? तो वेष टिकवायचा तर अस्पृश्य मानलेल्या ख्रिस्ती माणसांपासून अंतर ठेवावं लागे. म्हणून पुढे त्यांच्यात मिसळू शकतील असे वेगळे 'पंडारस्वामी' नेमावे लागले. वेष देशी झाला, त्याच्याबरोबर देशी उतरंडही आली.

1969मध्ये रोमने भारतीय कॅथलिकांच्या उपासनेसाठी बारा बदल मंजूर केले. पादत्राणं काढून बसणं, हात जोडणं, आरती, समई, आणि पूजावस्त्रांच्या थरांऐवजी एकच लांब अंगरखा व अंगवस्त्र. हेतू चांगला असेल. पण दलित ख्रिस्ती विचारवंतांनी विचारलेला प्रश्न अजून तसाच उभा आहे: हे 'भारतीय' म्हणजे नेमक्या कुणाचं? अंगवस्त्र खांद्यावर टाकायची ज्यांच्या आजोबांना मुभा नव्हती, त्यांना शिवलेला, गळ्यापासून घोट्यापर्यंत बटणांचा, कुणाही जातीच्या माणसाच्या अंगावर तसाच दिसणारा कॅसॉक आपला वाटला तर त्यांना परकं कोण ठरवणार? 2013मध्ये नंद्यालला ई. पुष्पललिता चर्च ऑफ साउथ इंडियाच्या पहिल्या महिला बिशप झाल्या. वस्त्रांचा अधिकार सरकतो तो असा, ज्याच्या अंगावर ते असू नये असं वाटत होतं त्याच्या अंगावर चढून.

मराठीला तर या बाबतीत अडाणीपणाची सबबही नाही. थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' 1616चं. नारायण वामन टिळकांनी अखेरीस मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती राहूनच संन्यास घेतला, म्हणजे वेष आणि निष्ठा यांचा हा झगडा एका मराठी कवीने स्वतःच्या देहावर लढून झालेला आहे. उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली तेव्हा धमक्या आणि निषेध कशावरून सुरू झाले? त्यांच्या मराठीवरून नव्हे. त्यांच्या नावामागच्या 'फादर' या एका शब्दावरून.

कुणी म्हणेल, एका शब्दाचा एवढा बाऊ कशाला. 2021च्या मार्चमध्ये झाशी स्थानकावर दोन ख्रिस्ती संन्यासिनींना आणि त्यांच्याबरोबरच्या दोन तरुण मुलींना धर्मांतराच्या संशयावरून गाडीतून उतरवलं. चौकशीत काही निघालं नाही. संशयाला पुरेसा आधार कोणता होता? अंगावरचा वेष. ओळखू न येणाऱ्या कपड्याविषयी काहीही खरं वाटू शकतं. तो कपडा कोण घालतं, कधी, कशासाठी, हे पिढ्यान् पिढ्या सांगण्याचं काम भाषेचं आणि साहित्याचं होतं, आणि आपण त्या जागी 'झगा' लिहून ठेवला. त्या प्रसंगानंतर माझ्या ओळखीच्या एका फादरनी लांबच्या प्रवासात कॅसॉक घालणं सोडलं. ते याविषयी फार बोलत नाहीत. 'गाडीत झोप लागते,' एवढंच म्हणतात.

तेव्हा अनुवादक म्हणून माझं करणं साधं आहे. कॅसॉक, अल्ब, स्टोल, चॅझुबल हे शब्द मी तसेच ठेवणार. कंस नाही, तळटीप नाही. वाचक सोवळं आणि कद यांतला फरक जसा वापरातून शिकला, तसा हाही शिकेल. ज्याला स्टोल म्हणजे ओढणी वाटते त्याला दुसऱ्यांदा तो शब्द आल्यावर शंका येईल आणि तिसऱ्यांदा कळेल.

मुद्रितं मी दुरुस्त करून पाठवली. मफलर खोडला, स्टोल लिहिला. ती दुसऱ्यांदा आली तेव्हा मफलर गेला होता आणि त्या जागी 'जांभळं उपरणं' होतं. मी पुन्हा खोडलं, पुन्हा स्टोल लिहिला, आणि या वेळी समासात आजोबांनी सांगितलेले सगळे रंग क्रमाने लिहून दिले, गुलाबीसकट. दीड महिना झाला. तिसरी मुद्रितं अजून यायची आहेत.