उसन्या मतांचा विजय

फ्रान्सच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या अंतिम फेरीत २००२, २०१७ आणि २०२२ अशा तीन वेळा अतिउजव्या पक्षाचा उमेदवार पोहोचला आणि तिन्ही वेळा पराभूत झाला. पहिल्या खेपेस ज्याँ-मारी ल पेन होते, पुढील दोन्ही खेपांस त्यांची कन्या मारीन. प्रत्येक निकालानंतर युरोपातील राजधान्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, विजेत्यावर अभिनंदनाचा वर्षाव झाला आणि संकट टळले असे मानून सारे आपापल्या कामाला लागले. परंतु पराभूतांच्या मतांचे आकडे ओळीने मांडले, तर वेगळेच चित्र दिसते. २००२ साली १७.७९ टक्के, २०१७ साली ३३.९० टक्के आणि २०२२ साली ४१.४५ टक्के. ज्या संकटावर तीनदा मात केली असे म्हटले जाते, ते प्रत्येक वेळी अधिक बलवान होऊन परतत असेल, तर त्या विजयाचीच चिकित्सा करणे अगत्याचे ठरते.

त्यासाठी तेथील निवडणूकपद्धती समजून घेतली पाहिजे. जनरल द गॉल यांनी १९६२ साली सार्वमत घेऊन अध्यक्षाची थेट जनतेतून निवड करण्याची तरतूद केली. पहिल्या फेरीत कोणासही वैध मतांपैकी निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिले दोन उमेदवार दोन आठवड्यांनी पुन्हा जनतेसमोर जातात. पहिल्या फेरीत मतदार आपला उमेदवार निवडतो आणि दुसऱ्या फेरीत नको असलेला वगळतो, असे तेथे म्हटलेच जाते. या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिचे वैगुण्य दोन्ही या उक्तीत सामावले आहे.

२००२ साली पहिल्या फेरीत सोळा उमेदवार उभे होते. डाव्यांची मते इतकी विखुरली की, पंतप्रधानपदावर असलेले समाजवादी नेते लिओनेल जोस्पाँ तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. ल पेन आणि त्यांच्यातील अंतर दोन लाख मतांहूनही कमी होते. मग ज्या जाक शिराक यांच्यावर डाव्या पक्षांनी वर्षानुवर्षे आरोप केले, त्याच शिराक यांना मत देण्याचे आवाहन त्याच पक्षांना करावे लागले. पहिल्या फेरीत १९.८८ टक्के मते मिळविणारे शिराक दोन आठवड्यांत ८२.२१ टक्क्यांवर पोहोचले. यातील बहुतांश मते त्यांची नव्हती. ती उसनी होती.

उसने घेतलेले परत करावे लागते, हा व्यवहाराचा नियम राजकारणासही लागू आहे. ज्याने आपल्याला नाइलाजाने मत दिले, त्याचे म्हणणे कारभारात कोठे तरी उमटले पाहिजे. फ्रान्समध्ये नेमके याच्या उलट घडत गेले. २९ मे २००५ रोजी युरोपीय संघाच्या प्रस्तावित राज्यघटनेवर सार्वमत झाले. सत्ताधारी शिराक आणि विरोधी समाजवादी पक्षाचे नेतृत्व, दोघांनीही तिचा पुरस्कार केला होता. जनतेने मात्र ५४.६७ टक्क्यांनी ती फेटाळली. तरीही तिच्यातील बहुतांश तरतुदी लिस्बन कराराच्या रूपाने परत आल्या आणि २००८ साली संसदेने, जनतेला पुन्हा न विचारता, त्यांना मान्यता दिली. ज्या मतदाराला आपल्या नकाराची अशी किंमत दिसली, त्याने पुढे मोठा नकार शोधला तर नवल कसले?

२०१७ सालच्या प्रचारातील एक प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. मध्यममार्गी उमेदवार इमॅन्युएल मॅक्रॉन यांचे जन्मगाव आमियाँ. तेथील व्हर्लपूल कंपनीचा कपडे वाळविण्याची यंत्रे बनविणारा कारखाना बंद करून उत्पादन पोलंडमध्ये नेण्याचे ठरले होते. २६ एप्रिल रोजी मॅक्रॉन शहरात कामगार प्रतिनिधींशी चर्चा करीत असताना मारीन ल पेन थेट कारखान्याच्या आवारात संपकरी कामगारांमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. नंतर मॅक्रॉनही तेथे पोहोचले. त्यांची हुर्यो उडविली गेली. तरीही ते थांबले, कामगारांशी बोलले आणि कारखाना बंद होणार नाही असे खोटे आश्वासन देण्याचे त्यांनी टाळले. या धैर्याबद्दल त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु २०१८ साली तेथील उत्पादन थांबले. प्रामाणिक उत्तर आणि पुरेसे उत्तर यांत अंतर असते, आणि त्या अंतरातच अतिउजव्यांचे मतदार वाढतात.

त्या वर्षी मॅक्रॉन ६६.१० टक्क्यांनी विजयी झाले, पण सुमारे चाळीस लाख नागरिकांनी मतदानकेंद्रापर्यंत जाऊन कोरी वा बाद मतपत्रिका टाकली. दोन्ही उमेदवार नकोत, हे सांगण्यासाठी घर सोडणाऱ्या या नागरिकांची दखल कोणी घेतली? पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, इंधनावरील करवाढीच्या निमित्ताने पिवळी जाकिटे घातलेले लोक चौकाचौकांत उतरले, तेव्हा सरकार गोंधळून गेले.

२०२२ चा निकाल तर अधिकच बोलका आहे. कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप आणि हिंदी महासागरातील रियुनियन ही फ्रान्सची बेटे. गुलामांचे वंशज आणि एकोणिसाव्या शतकात भारतातून नेलेल्या गिरमिटिया मजुरांचे वंशज येथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पहिल्या फेरीत या दोन्ही बेटांनी कट्टर डाव्या मेलाँशाँ यांना अग्रस्थान दिले आणि दोनच आठवड्यांनी मारीन ल पेन यांना बहुमत दिले. ग्वादलूपमध्ये तर त्यांना जवळपास सत्तर टक्के मते पडली. हे मतदार पंधरवड्यात डावीकडून अतिउजवीकडे गेले, असे कोण म्हणेल? त्यांना पॅरिसला नकार कळवायचा होता आणि हाती तेवढेच साधन उरले होते. म्हणजे उसनी मते दोन्ही पारड्यांत होती.

विजयाच्या रात्री मॅक्रॉन यांनी हे मान्यही केले की, अनेकांनी आपल्याला विचार पटले म्हणून नव्हे, तर अतिउजव्यांना रोखण्यासाठी मत दिले. परंतु वर्ष उलटण्याच्या आत, मार्च २०२३ मध्ये, निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ करणारा कायदा त्यांच्या सरकारने लोकसभागृहात अंतिम मतदान टाळून, घटनेच्या ४९व्या कलमाचा आधार घेत पुढे रेटला. २०२५ साली त्याच सुधारणेला स्थगिती द्यावी लागली. ऋण मान्य करणे आणि ऋण फेडणे या भिन्न गोष्टी आहेत.

याचा अर्थ ल पेन यांच्या पक्षावरील आक्षेप निराधार आहेत असा मुळीच नव्हे. नाझींच्या विषारी वायूच्या कोठड्या ही महायुद्धाच्या इतिहासातील एक किरकोळ बाब होती, अशा आशयाचे निंद्य विधान ज्याँ-मारी यांनी १९८७ साली केले आणि न्यायालयाने त्यांना त्याबद्दल दोषी ठरविले. कन्येने २०१५ साली पित्याला पक्षाबाहेर काढले, २०१८ साली पक्षाचे नाव बदलले; पण मार्च २०२५ मध्ये युरोपीय संसदेच्या निधीच्या अपहारप्रकरणी पॅरिसच्या न्यायालयाने तिलाही दोषी ठरविले. आपल्याकडे काहींना या पक्षाच्या वाढत्या मतांचे अप्रूप वाटते. त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, नोकरी, घर आणि शासकीय साहाय्य यांत फ्रेंच नागरिकाला प्राधान्य हे त्या पक्षाचे प्रमुख सूत्र आहे, आणि ते तेथे कष्ट करणाऱ्या भारतीयालाही परकाच मानते. दूरच्या देशातील पक्ष नावावरून वा शिक्क्यावरून आपला मानू नये, आणि परकाही मानू नये. त्याची कृती तपासावी.

परंतु पक्षाची झडती घेणे वेगळे आणि त्याच्या मतदाराला अस्पृश्य ठरविणे वेगळे. २०२२ साली एक कोटी बत्तीस लाखांहून अधिक नागरिकांनी मारीन यांना मत दिले. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसमध्ये १३० जणांचे आणि जुलै २०१६ मध्ये नीसमध्ये ८६ जणांचे बळी दहशतवाद्यांनी घेतले. त्यानंतर सुरक्षेविषयी प्रश्न विचारणारा प्रत्येक नागरिक द्वेष्टा नसतो. दहशतवादी आणि कायदा पाळणारा शेजारी यांत भेद करीत या प्रश्नाला उत्तर देणे, हे मध्यममार्गी पक्षांचे कर्तव्य होते. त्यांनी विषयच टाळला, तेव्हा तो ज्यांना असा भेद करावयाचा नाही त्यांच्या हाती गेला.

२०२४ च्या संसदीय निवडणुकीत अतिउजव्यांविरुद्धची भिंत पुन्हा उभी राहिली. दुसऱ्या फेरीपूर्वी दोनशेहून अधिक उमेदवारांनी माघार घेतली आणि पहिल्या फेरीत अग्रेसर असलेला नॅशनल रॅली पक्ष जागांच्या क्रमवारीत तिसऱ्या स्थानी ढकलला गेला. पण बहुमत कोणालाच मिळाले नाही आणि नवे सरकार तीन महिन्यांतच, डिसेंबरमध्ये, कोसळले. भिंत कोणाला तरी अडवू शकते. तिच्या आधारे राज्य चालविता येत नाही. मॅक्रॉन यांचा दुसरा कार्यकाळ २०२७ च्या मे महिन्यापर्यंतचा. लागोपाठ तिसऱ्यांदा उभे राहण्यास त्यांना घटनेची मनाई आहे. त्यांच्या जागी जो कोणी उसन्या मतांवर निवडून येईल, त्याने विजयोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी आमियाँच्या त्या बंद कारखान्याच्या फाटकापाशी जावे. लोकशाहीत मताचे ऋण फेडण्याचे काम तेथून सुरू होते.