मोठा नट कोणाला म्हणावे?

१ ऑगस्ट २०२५ रोजी पालघर जिल्ह्याला अकरा वर्षे पूर्ण झाली आणि त्याच दिवशी दिल्लीत ७१वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान ‘जवान’साठी शाहरुख खान आणि ‘ट्वेल्फ्थ फेल’साठी विक्रांत मॅसी यांना विभागून मिळाला. अभिनेत्रीचा मान राणी मुखर्जी यांच्याकडे गेला. तेव्हा पेटलेला वाद आज, ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिन उजाडला तरी विझलेला नाही. पहिली पाळी सुटल्यावर बोईसर स्थानकाबाहेर, कंपनीच्या बसमध्ये, डहाणू लोकलच्या दारात उभ्या पोरांमध्ये एकच प्रश्न असतो: आज पडद्यावर काम करणाऱ्यांत खरा मोठा नट कोण?

हा वाद रिकामटेकडा आहे असे आम्ही मानत नाही. दिवसभर यंत्रापाशी उभा राहिलेला माणूस घरी जाताना कोणाच्या अभिनयावर तावातावाने बोलतो, ही आमच्या दृष्टीने मोलाची गोष्ट आहे. आणि असा वाद रंगायला बोईसर-तारापूरइतकी चांगली जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९मध्ये सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि देशभरातून माणसे इथे आली. प्रत्येकाने आपला नट सोबत आणला. केरळचा अभियंता मामुट्टी आणि फहाद फासिल यांच्यापलीकडे ऐकून घेत नाही. बिहारचा कामगार मनोज बाजपेयी आणि पंकज त्रिपाठी यांची नावे घरच्या माणसासारखी घेतो. ‘वश’ या गुजराती चित्रपटासाठी यंदा जानकी बोडीवाला यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो चित्रपट समजायला तलासरी-बोर्डीकडच्या प्रेक्षकाला खालच्या ओळी वाचाव्या लागत नाहीत.

आमची तक्रार वादाबद्दल नाही, वाद घालण्याच्या रीतीबद्दल आहे. पहिल्या दिवसाची कमाई सांगितली जाते. भूमिकेसाठी किती किलो वजन वाढवले आणि किती घटवले हे सांगितले जाते. अमुक दृश्यात तो कसा ढसाढसा रडला, हे सांगितले जाते. यातून नटाचे कष्ट कळतात, लोकप्रियता कळते. अभिनय कळत नाही. म्हणून आमची एकच मागणी आहे. नुसते नाव घेऊ नका, प्रसंग सांगा. कोणत्या चित्रपटातल्या कोणत्या क्षणी त्या नटाने तुम्हाला एक माणूस दाखवला, जो तुम्ही एरवी पाहिला नसता?

प्रसंग सांगायला लागले की भल्याभल्यांची मते हलतात. ‘पुष्पा’चे उदाहरण घ्या. अल्लू अर्जुन यांना या भूमिकेसाठी २०२१चा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेलुगू नटाला मिळालेला तो पहिलाच. बोईसरमध्ये मात्र बहुतेकांनी ‘पुष्पा’ हिंदीत पाहिला. तो खांदा, ती चाल, ती दाढीवरून फिरणारी बोटे अल्लू अर्जुन यांची. पण ज्या संवादांची नक्कल पोरे करतात, तो हिंदी आवाज श्रेयस तळपदे यांचा आहे. एका मराठी नटाने बंद खोलीत, दुसऱ्याच्या ओठांच्या हालचालीला आपला श्वास जुळवून, ते काम केले. पुरस्कार तेलुगूतल्या कामाला मिळाला, ते योग्यच. पण हिंदी ‘पुष्पा’ पाहून ‘काय अभिनय आहे’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने त्या कौतुकातला वाटा तळपदे यांनाही द्यायला हवा.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिक टोचते. मिताली जगताप-वराडकर यांना ‘बाबू बँड बाजा’साठी २०१०चा आणि उषा जाधव यांना ‘धग’साठी २०१२चा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तीन वर्षांत दोनदा देशातली अभिनयाची सर्वोच्च दाद मराठी चित्रपटातल्या बायकांना मिळाली. एक बाई बँडवाल्याची बायको, दुसरी स्मशानात राबणाऱ्या घरातली. आज मराठी माणसांच्याच गप्पांत ही दोन नावे किती वेळा निघतात? चित्रपट चार दिवस लागला, उतरला आणि त्यातले काम आपण विसरलो. प्रतिभेचा वाद घालणाऱ्यांनी आधी हे चित्रपट पाहायचे ठरवले, तर अर्धे वाद तिथेच बदलतील.

अभिनय म्हणजे चेहरा, ही समजूत कॅमेऱ्याने घट्ट केली. आमच्या जिल्ह्याकडे या समजुतीला फार जुने उत्तर आहे. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात सोंग घेणाऱ्याचा चेहरा दिसतच नाही. मुखवटा जड असतो, रात्र असते, संबळ वाजत असतो. राग, दरारा, लाड, सगळे पायांतून, खांद्यांतून आणि मान वळवण्याच्या वेगातून यावे लागते. बऱ्याच गावांत ठरावीक सोंग ठरावीक घराण्याकडे चालत आलेले असते, त्यामुळे पाहणाऱ्यांनी तेच सोंग त्या माणसाच्या बापाचेही पाहिलेले असते. त्यांची पारख कडक असते. पडद्यावरचा नट पाहतानाही ही पारख वापरून पाहावी. आवाज बंद करा आणि फक्त चालणे-बसणे पाहा. फहाद फासिल किंवा ‘पाताल लोक’मधले जयदीप अहलावत या कसोटीला उतरतात. अहलावत यांचा पोलीस अधिकारी हाथीराम खुर्चीतून उठतो तेव्हा त्याची थकलेली नोकरी त्याच्या पाठीत दिसते.

आता आमचे नाव सांगतो. आज पडद्यावर काम करणाऱ्यांत पहिल्या रांगेत आम्ही गीतांजली कुलकर्णी यांना बसवतो, आणि मागणीप्रमाणे प्रसंगही सांगतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये त्या सरकारी वकील आहेत. २०१४चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा हा चित्रपट. एका लोकशाहिराविरुद्ध त्या जुनाट कायद्याची कलमे एका सुरात, रेशनची यादी वाचावी तशी वाचत जातात. त्यांना त्या माणसाचा द्वेष नाही. आजचे काम उरकायचे आहे. मग कोर्ट सुटते. लोकलमध्ये सहकारी बाईशी साडीच्या गप्पा, घरी स्वयंपाक, सुट्टीच्या दिवशी कुटुंबाबरोबर नाटक. नाटकात परप्रांतीयांची टिंगल चालते आणि ही बाई सगळ्यांबरोबर मोकळेपणी हसते. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेली, आयुष्य रंगमंचावर घातलेली नटी इथे साधी प्रेक्षक होऊन खुर्चीत बसली आहे, आणि तिचे शिक्षण कुठेही दिसत नाही. शाहीर झालेले वीरा साथीदार हे तर मुळात चळवळीतले कार्यकर्ते. तरी कोण शिकलेला नट आणि कोण नाही, याचा सांधा चित्रपटात सापडत नाही. तो लपवण्याचे श्रेय शिकलेल्यांना जाते.

त्याच बाई ‘गुल्लक’ या मालिकेत उत्तरेकडच्या छोट्या गावातल्या शांती मिश्रा होतात. आपल्याकडच्या उत्तर भारतीय शेजाऱ्यांना ही नटी मराठी आहे हे सांगावे लागते. ‘कोर्ट’मधली बाई ज्यांच्यावर हसली, त्यांच्याच घरातली गृहिणी तिने इतक्या आपलेपणाने उभी केली आहे.

गीतांजलीताईंचे नाव आम्ही घेतो त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते आमच्याच जिल्ह्यात आहे. वाडा तालुक्यातील सोनाळे इथे नीलेश निमकर यांनी २००७मध्ये स्थापन केलेली ‘क्वेस्ट’ ही शिक्षणक्षेत्रातली संस्था आहे. तिच्या ‘गोष्टरंग’ उपक्रमाची धुरा गीतांजलीताईंनी उचलली. तरुण नटांना तयार करायचे, मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी बसवायच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत, आश्रमशाळांत नेऊन सादर करायच्या. ना पडदा, ना दिवे. वर्गातली बाके बाजूला सरतात, समोर वारली, कोकणा, कातकरी मुले जमिनीवर बसतात आणि गोष्ट सुरू होते. हे प्रेक्षक शिष्टाचार म्हणून टाळ्या वाजवत नाहीत. गोष्ट पकड घेत नसेल तर दोन मिनिटांत खिडकीबाहेर बघू लागतात. पकड घेतली, तर तीच गोष्ट पुस्तकात शोधायला येतात. आणि अक्षरओळख नुकती झालेल्या मुलाने आपण होऊन पुस्तक उघडावे यासाठीच तर हा खटाटोप आहे.

आम्ही अनेकदा ऐकतो की मोठा नट समाजासाठी काय करतो हे अभिनयाच्या मोजमापात धरू नये. देणग्या आणि जाहीर कळवळा यांच्याबाबतीत ते आम्हाला मान्य आहे. पण इथे नटीने केलेले काम अभिनयाचेच आहे. जी माणसे तिकीट काढून येणार नाहीत त्यांच्यापर्यंत तिने आपली कला नेली आणि ती इतरांना शिकवली. विष्णुदास भाव्यांनी १८४३मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा त्यांच्याही हाताशी आधी ना नट होते ना नाट्यगृह. माणसे जमवून, शिकवून, प्रयोग गावोगाव नेऊनच ही रंगभूमी उभी राहिली. आजचा दिवस आपण त्या प्रयोगाच्या स्मरणार्थ पाळतो.

तेव्हा बोईसर-तारापूरच्या कारखानदारांना आमची एक विनंती आहे. मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामासाठी खर्च करणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या पैशातून शाळांना बाके, पाण्याच्या टाक्या, वह्या मिळतात. त्या मिळत राहाव्यात. त्याबरोबर दरवर्षी जिल्ह्यातल्याच काही तरुण-तरुणींना नट म्हणून शिकण्यासाठी मानधन द्या, आणि विक्रमगड, जव्हार, मोखाडा, तलासरीच्या आश्रमशाळांत त्यांचे प्रयोग लावा. पुढच्या ५ नोव्हेंबरच्या आत एक तुकडी तयार होऊ शकते.