पायाला मानवेल तेच पायडल

रविवारी पहाटे चाळीसगावातून पाटणादेवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन प्रकारचे सायकलस्वार दिसतात. एक गट गावाबाहेर पडणारा. डोक्यावर हेल्मेट, पायात टणक तळाचे बूट आणि निघताना बूट पायडलमध्ये अडकल्याचा ‘खट्’ असा आवाज. दुसरा गट गावात येणारा. कॅरिअरला दुधाच्या कॅन, पायात चप्पल आणि रबराचे ठोकळे झिजून गुळगुळीत झालेले जुने पायडल. दोघांचेही गुडघे आणि पोटऱ्या तेच काम करत असतात. पायडल कोणते असावे ही चर्चा मात्र पहिल्याच गटात रंगते.

या चर्चेत नवा माणूस हमखास सापडतो. मधुमेह किंवा वाढलेले वजन यामुळे डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलेली असते. महिन्याभरात पाय वळतात, हुरूप येतो आणि मग कोणीतरी म्हणते, ‘अजून साध्या पायडलवर? लॉक घ्या लॉक!’ लाजेकाजेस्तव काही हजार रुपये खर्चून बूट आणि पायडल घेतले जातात. पहिल्याच आठवड्यात चौकात सायकल थांबते, पाय मात्र वेळेत सुटत नाही. माणूस उभ्याउभ्या आडवा होतो आणि हात टेकल्याने मनगटाचे हाड मोडते. प्लॅस्टर दीड महिन्यात निघते, पण भिंतीच्या कडेला लावलेली सायकल पुन्हा बाहेर निघतेच असे नाही. नुकसान हाडापेक्षा या सुटलेल्या व्यायामाचे मोठे असते.

पायडल हा आवडीचा विषय आहे आणि तो तसाच असावा. मात्र ती आवड स्वतःच्या पायावरून, पादत्राणावरून आणि रोजच्या रस्त्यावरून ठरली पाहिजे. शेजाऱ्याच्या बुटावरून नव्हे.

ढोबळमानाने पायडल तीन प्रकारचे. पहिले सपाट. त्यात रबरी ठोकळ्यांचे जुने पायडल आले आणि डोंगरी सायकलींचे बारीक खिळ्यांचे रुंद पायडलही आले. दुसरे पिंजऱ्याचे. यात चवड्यापुढे धातूची किंवा प्लास्टिकची कमान आणि पट्टा असतो. तिसरे लॉकचे. बुटाच्या तळाला बसवलेली चकती, म्हणजे क्लीट, पायडलच्या खाचेत अडकते आणि टाच बाहेर वळवली की सुटते. पाय त्यात अडकत असूनही बाजारात या पायडलला ‘क्लिपलेस’ म्हणतात. कारण इतकेच, की जुन्या पिंजऱ्याची ‘टो क्लिप’ त्यात उरली नाही. लूक या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये असे पायडल आणले आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो याने ते वापरून टूर द फ्रान्स जिंकली. १९९० मध्ये शिमानोची छोट्या क्लीटची पद्धत आली. तिची क्लीट बुटाच्या तळात आत बसत असल्याने ते बूट घालून चालताही येते. शर्यतीच्या मैदानातून आलेली ही साधने हळूहळू सगळ्यांच्याच सायकलीला ‘हवीत’ असे वाटू लागले.

लॉकच्या बाजूने नेहमी एक युक्तिवाद केला जातो. पाय अडकलेला असला की तो वर येतानाही खेचता येतो, म्हणून कमी श्रमात जास्त अंतर कापता येते. कन्नड घाट चढून गेलेले अनेक जण हे अनुभवाने सांगतात. पण श्रम कमी झाल्यासारखे वाटणे वेगळे आणि शरीराने वापरलेला प्राणवायू मोजणे वेगळे.

पाटणादेवीच्या परिसरातच या विषयाचा एक जुना धागा सापडतो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद पाटणच्या शिलालेखात आहे. भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथात पोकळ आऱ्यांमध्ये पारा भरलेल्या, आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाचे वर्णन केले आहे. तसे चाक प्रत्यक्षात फिरत राहत नाही, हे नंतरच्या भौतिकशास्त्राने दाखवले. ऊर्जा कुठून तरी यावीच लागते. सायकलमध्ये ती मांडीतून येते, आणि स्नायूंनी जाळलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा पायडलपर्यंत पोहोचतो. बाकीची उष्णता होते.

पायडलचा फेरा घड्याळासारखा पाहिला, तर बहुतेक सगळा जोर एक ते पाच या काट्यांच्या दरम्यान, पाय खाली जाताना लागतो. वर येणारा पाय फक्त स्वतःचे ओझे उचलत असतो. प्रयोगशाळेत सायकलस्वारांना मुद्दाम पाय वर खेचायला सांगून मोजमाप केले, तेव्हा फेरा अधिक गोल झाला खरा, पण तेवढ्याच कामासाठी प्राणवायू जास्त लागला. मध्यम वेगात साधे बूट आणि सपाट पायडल, पिंजरा, आणि लॉकचे बूट अशी तुलनाही झाली आहे. त्यात शरीराला पडणाऱ्या खर्चात दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. म्हणजे तब्येतीसाठी रोज दहा-वीस किलोमीटर सायकल चालवणाऱ्याचे साध्या पायडलने काहीच अडत नाही.

मग लॉकचा उपयोग कुठे? जोरात वेग घेताना तो नक्की आहे. पूर्ण ताकदीने सायकल हाणताना अडकलेला पाय पायडलवरून निसटत नाही आणि ताकद जास्त लावता येते, हेही मोजून दिसले आहे. दुसरा उपयोग लांब पल्ल्याचा. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. असे दिवसरात्र चालणारे पल्ले गाठणाऱ्यांत लॉक पायडल सर्रास दिसतात. हजारो फेऱ्यांत पाय एकाच जागी राहतो आणि टणक तळामुळे दाब सगळ्या चवड्यावर पसरतो. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेची तयारी करणाऱ्याने लॉकचा विचार जरूर करावा.

पण जो गुण, तोच दोष. तासाला १५ किलोमीटरच्या वेगाने, मिनिटाला ६० फेरे मारत २० किलोमीटर गेले, तर प्रत्येक गुडघा सुमारे ४,८०० वेळा वाकतो आणि सरळ होतो. बहुतेकांचे पाऊल चालताना थोडे बाहेर वळलेले असते, कुणाचे आत. क्लीट त्या कोनात बसली नसेल, तर प्रत्येक फेऱ्याला गुडघ्याला किंचित पीळ बसतो. आठ-पंधरा दिवसांत गुडघ्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला दुखू लागते. म्हणून नवख्याने पायाला थोडे फिरू देणारी क्लीट घ्यावी. शिमानोच्या रस्ता-सायकलीच्या क्लीटमध्ये पिवळी सहा अंश फिरू देते, लाल अजिबात नाही. दुकानदाराने पिवळीऐवजी लाल दिली, तर ती केवळ रंगाची निवड राहत नाही.

गुडघ्याच्या प्रत्येक दुखण्याचा दोष मात्र पायडलला देऊ नये. वाटीच्या पुढच्या बाजूला दुखत असेल, तर बऱ्याचदा सीट खाली असते. मागच्या बाजूला दुखत असेल, तर ती जास्त वर असते. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला राहावा. नवे पायडल घेण्याआधी ही उंची तपासली, तर अनेकांचा खर्च वाचेल.

सपाट पायडलमध्ये पाय हवा तसा हलवता येतो, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. पोटरीला किंवा टाचेच्या शिरेला त्रास असेल, तर पाऊल थोडे पुढे सरकवून तळव्याच्या मधल्या भागाने दाबता येते. ओझे लादलेली सायकल हळू चालवणारे दूधवाले नेमके हेच करताना दिसतात. त्यांना क्षणात पाय टेकता यावा लागतो. कन्नड घाट चढणाऱ्यालाही तेच हवे असते. त्यांची निवड अडाणीपणाची नाही, कामाची आहे.

सपाट पायडलचे दोष बहुधा पादत्राणातून येतात. मऊ तळाची चप्पल अरुंद पायडलवर वाकते आणि सगळा दाब चवड्याच्या एका पट्टीवर येतो. तिथे बोटांकडे जाणाऱ्या नसा हाडांच्या मधून जातात. त्या दबल्या की बोटे बधिर होतात, जळजळतात. खानदेशच्या उन्हाळ्यात पाय सुजतात आणि घट्ट बुटात हा त्रास वाढतो. रुंद पायडल, जरा टणक तळ, बोटांपाशी ऐसपैस जागा आणि मधूनमधून थांबणे, एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो.

मधुमेहींनी मात्र ही बधिरता हलक्यावारी घेऊ नये. अनेक वर्षांच्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. पायडलचा खिळा घासला, चपलेचा पट्टा रुतला, तरी कळत नाही. दुसऱ्या दिवशी फोड, आठवड्यात जखम, आणि दुर्लक्ष झाले तर बोट गमावण्यापर्यंत मजल जाते. अशा व्यक्तीने सायकल सोडू नये. रक्तातील साखरेसाठी ती उत्तम आहे. मात्र बंद बूट आणि मोजे घालावेत, टोकदार खिळ्यांचे पायडल टाळावे आणि घरी आल्यावर दोन्ही तळवे उजेडात पाहावेत. लॉक लावण्याआधी डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्यावी. हाडे ठिसूळ झालेल्या ज्येष्ठांनी आणि तोल जाण्याचा त्रास असणाऱ्यांनी सपाट पायडलवरच राहावे. त्यात कमीपणा काही नाही.

आता दुसऱ्या गटाकडे यायला हवे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण भागातील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. मोठ्या भावाच्या सायकलीवर नळीखालून पाय घालून ‘हाफ पायडल’ शिकलेली पिढी आता पालक झाली आहे. तरीही मुलीच्या सायकलीचे पायडल कोणी वाकून पाहत नाही. रबर झिजते, एखादा ठोकळा गळून पडतो आणि नुसती लोखंडी दांडी उरते. पावसात ओल्या चपलेचा पाय त्यावरून सटकतो आणि नडगी सोलून निघते. पायडलच्या आतले छर्रे झिजले की ते डुगडुगते आणि घोटा प्रत्येक फेऱ्याला वेडावाकडा हलतो. यांच्यासाठी पायडलची निवड म्हणजे चांगले की मोडके एवढीच असते, आणि तीसुद्धा कोणी विचारत नाही.

यावर उपाय स्वस्त आहे. रबरी पायडलची जोडी काहीशे रुपयांत मिळते. शाळेने पावसाळ्याआधी एक दिवस गावातल्या सायकल दुरुस्तीवाल्याला बोलावून सगळ्या सायकली पाहून घ्याव्यात. पायडल, ब्रेक, साखळी आणि साखळीचे कव्हर एवढे पुरे. घरी पायडल बदलणाऱ्याने एक लक्षात ठेवावे. उजव्या पायडलचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. डावे पायडल उजवीकडे म्हणून जोर लावून बसवले, तर क्रँकचे आटे कायमचे जातात. नडगी खरचटली तर जखम साबण-पाण्याने स्वच्छ धुवावी. ती खोल किंवा मातीने भरलेली असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि धनुर्वाताच्या लशीची चौकशी करावी.

ज्याला लॉकचे आकर्षण आहे, त्याने ते जरूर घ्यावे, फक्त घाई करू नये. पायडलची पकड स्क्रूने सर्वांत सैल करावी. शक्य असल्यास कोणत्याही दिशेने सुटणारी क्लीट घ्यावी. भिंतीला धरून, मग मोकळ्या मैदानात, पाय अडकवणे आणि सोडवणे पन्नास वेळा करावे. थांबण्याआधीच पाय सोडवायची सवय अंगवळणी पडल्याशिवाय रहदारीत जाऊ नये. एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला लॉक असलेले पायडलही मिळतात. दोन मनांत असलेल्याला ते सोयीचे. आणि दोन महिने वापरून जमले नाही, तर बिनदिक्कत साध्या पायडलवर परत यावे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करायला सांगते. ती मिनिटे मोजताना पायात बूट होता की चप्पल, हे हृदयाला कळत नाही. गटातल्या अनुभवी मंडळींनी नव्या माणसाला ‘कुठले पायडल?’ असे विचारण्याआधी ‘गुडघा दुखतो का? बोटे बधिर होतात का? पाय टेकायची भीती वाटते का?’ एवढे तीन प्रश्न विचारावेत. त्याची उत्तरे ऐकली, की पायडल कोणते घ्यायचे ते तोच सांगेल. आणि पुढच्या रविवारी तो पुन्हा रस्त्यावर दिसेल.