बोटाला टोक नसतं

लोकलमध्ये उभं राहून टॅबलेटवर एक विंडो लहान करून बघा. एका हाताने टॅबलेट धरायचा, दुसऱ्या हाताच्या बोटाने विंडोचा कोपरा पकडून ओढायचा. पहिल्यांदा कोपरा सापडतच नाही, आतलं पान सरकतं. दुसऱ्यांदा मागची विंडो पुढे येते. तिसऱ्यांदा जमतं, पण तोवर जी पीडीएफ शेजारी ठेवून नोट्स काढायच्या होत्या ती भलत्याच कशाखाली तरी गडप झालेली असते. कित्येक महिने मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय.

माझं काही चुकत नव्हतं. बोटाला टोक नसतं, एवढंच.

एकमेकांवर चढणाऱ्या विंडो १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या प्रयोगशाळेत घडल्या, त्या माउससाठी. माउसच्या बाणाला टोक असतं, नेमकं एका पिक्सेलवर बसणारं. शिवाय तो क्लिक न करता नुसता फिरवता येतो. कडेवर नेला की त्याचा आकार बदलतो आणि कळतं, इथे पकडायचं. बोट एकतर काचेवर असतं किंवा नसतं. आणि असतं तेव्हा ज्याला हात लावायचा तेच झाकून टाकतं.

हे कंपन्यांना ठाऊक नाही असं नाही. अ‍ॅपल स्वतःच डिझाइनरांना सांगतं की दाबायची जागा किमान ४४ बाय ४४ पॉइंट ठेवा. त्याच अ‍ॅपलने २०२५ मध्ये आयपॅडओएस २६ आणताना मॅकवरचे लाल, पिवळे, हिरवे ठिपके आयपॅडवर आणून बसवले. ते इतके बारीक, की आधी टॅप करून मोठे करायचे आणि मग हवा तो दाबायचा. एक विंडो बंद करायला दोन टॅप. आणि याला म्हणायचं प्रगती!

गंमत म्हणजे २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने बरोबर उलटा घोळ घातला होता. विंडोज ८ मधून स्टार्ट बटण काढलं आणि बोटाने दाबायच्या मोठमोठ्या टाइल्स डेस्कटॉपवाल्यांच्या माथी मारल्या. केवढा आरडाओरडा झाला! पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये बटण परत आणावं लागलं. म्हणजे माउसवाल्यांवर बोटाचा कारभार लादला तर ती घोडचूक, आणि बोटवाल्यांवर माउसचा लादला तर ते 'प्रो' फीचर.

असं का? टॅबलेटचे रिव्ह्यू बघा. बहुतेक वेळा तो टेबलावर असतो, कीबोर्ड आणि ट्रॅकपॅड जोडलेला. तिथे या विंडो मस्त चालतात. चालणारच, तिथे त्याचा लॅपटॉप झालेला असतो. फक्त तो कीबोर्ड वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि ज्याच्या खिशाला तो परवडत नाही त्याने बोटाने भोगायचं.

दोन गोष्टी शेजारीशेजारी लागतात, हे मान्य. मला रोज लागतात. पण त्यावर साधा उपाय होता: स्क्रीनचे दोन भाग, मध्ये सरकवायची पट्टी, कोणी कोणाच्या खाली जाणार नाही. आयपॅडवर स्प्लिट व्ह्यू २०१५ पासून होता, अँड्रॉइडवरही असं दुभागणं आहे. आयपॅडओएस २६ आला तेव्हा तो जुना स्प्लिट व्ह्यू आणि स्लाइड ओव्हर दोन्ही गेले. आता विंडो कडेला भिरकावली की अर्ध्या स्क्रीनवर बसते, हे खरंय. पण मुळात ती भिरकावायला का लागावी?

भाऊ म्हणतो, "ताई, सवय होईल तुला." अरे, पण माझा पहिला कॉम्प्युटर फोनच होता. एका वेळी एक अ‍ॅप, पूर्ण स्क्रीन, बाजूला स्वाइप. शाळेचे फॉर्म, पैसे, निबंध, सगळं त्यावरच केलं. आता कोणीतरी सांगतं, खरं काम विंडोंमध्ये होतं, ते शिक. मी का शिकू? यंत्र माझ्या बोटासाठी म्हणून विकलं होतं ना?

सध्या मी सेटिंगमध्ये जाऊन सगळं फुल स्क्रीन करून टाकलंय. पीडीएफ टॅबलेटवर, नोट्स वहीत. वही मांडीवर असते आणि कशाखाली जात नाही.